एक बूच फिनेल

माझे सासरे तीस वर्षं हॉस्पिटलच्या फरशा पुसून निवृत्त झाले. आता घरातल्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. संगमरवरी ओट्यावर लिंबाचा थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेतात. दगडाची चमक जाते म्हणे, तिथे सौम्य साबणच हवा. बाथरूमच्या टाइल्सना सोड्याचं गरम पाणी. बैठकीतल्या लाकडी फरशीचं मात्र मी सांगितलं : घट्ट पिळलेलं फडकं, साबणाचे दोनच थेंब.

"सूनबाई, वासच येत नाही. स्वच्छ झालं हे कळायचं कसं?"

"बाबा, डोळ्यांनी बघा की!" मी वैतागले.

दुसऱ्या दिवशी लाकडावर फिनेलचे पांढुरके चट्टे! मी इतकं बोलले, की ते संध्याकाळपर्यंत गच्चीतून खाली आले नाहीत. मलाच चुटपुट लागली.

तेव्हापासून ते बैठक पुसायला बसले, की मी गुपचूप मोरीत फिनेल ओतते. वास दरवळतो, बाबा खूश, लाकूड शाबूत. कसं गंडवलं म्हणून मीही खूश.

परवा फडकं पिळता पिळता म्हणाले, "पोरी, मोरीत एक बूच पुरतं. तू दोन ओततेस."