बिरादरीच्या गाद्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीतच सुटली. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं, आणि जे लागणार नाही ते सोडून पुढं जावं.

नागपुरात आमचं बिछायतीचं दुकान होतं. लग्नाकार्याला गाद्या, लोड, सतरंज्या भाड्यानं द्यायच्या. आमचे हे पुढं गिऱ्हाईक सांभाळायचे, मी मागं बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. परक्या माणसासमोर यायची मला फार लाज. पण पडद्यामागून सगळं ऐकायची, आणि ऐकलं की त्याचाच विचार करत बसायची.

जवळच कॉलेजच्या मुलांचं होस्टेल होतं. तिथं बड्या घरच्या काही पोरांचा एक गट होता. स्वतःला ते 'बिरादरी' म्हणवत. त्यांचा म्होरक्या एका ठेकेदाराचा मुलगा, मोटारीतून फिरायचा. बिरादरीत शिरायचं तर नव्या पोरानं वर्षभर सांगतील ती कामं करायची, असा नेम. त्या साली काटोलकडचा एक पोरगा शिरू पाहत होता. बापाची संत्र्याची लहानशी बाग, घरातून शिकायला बाहेर पडलेला हा पहिलाच.

आमच्या धंद्यात जो माल उचलतो, भरपाई त्याच्या नावावर. तो कोणासाठी नेतो हे विचारायचं नाही. बिरादरीची बैठक असली की मोटार रस्त्यावर थांबायची, आणि गाद्या न्यायला आत यायचा तो काटोलचा.

परत आलेल्या गाद्या मी उन्हात घालायची, तर त्यांवर बारीक गोल भोकं, आणि कसलासा जळका, गोडूस वास. मी नाक लावून पाहायची.

"काय हुंगून राहिली वं?" हे ओरडले. "चरस आहे तो. चढन तुले!"

"चढते म्हणजे काय होते जी?"

"मले काय माहीत? मी का मोटारवाल्याचा पोरगा आहो?"

ज्यांना सगळं हातात मिळतं त्यांना आणखी काय हवं असेल, हे मला काही केल्या कळेना. एकदा हे दुकानात नसताना काटोलचा गाद्या परत द्यायला आला. मी धीर करून पडद्याआडूनच विचारलं, "काय दिसते रे तुमाले ते ओढल्यावर?"

तो दचकला, मग हसला. "मले त खोकलाच येते, मावशी."

"मंग काहून ओढतं?"

"चिलीम फिरते न. माझ्यापाशी आली की 'ले भाई' म्हणतात."

'भाई' म्हणताना त्याचा आवाज केवढा खुलला होता.

दिवाळीनंतर त्यानं होस्टेलच्या जलशासाठी म्हणून दुकानातल्या जवळजवळ सगळ्या गाद्या नेल्या. त्या परत आल्याच नाहीत. तो उद्या आणतो, परवा आणतो म्हणायचा, पुढं दिसेनासा झाला. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि दुकान रिकामं.

त्यातच मी शहराबाहेर वाडी गावाला बहिणीकडं गेले. शेजारच्या खोल्यांत ट्रकवाले राहत. त्यांच्या ओसरीत गाद्या पसरलेल्या. प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ होती, माझ्याच हातची. बहिणीनं घरमालकाला विचारलं.

"मोटारीतून पोट्टे आले होते," तो म्हणाला. "स्वस्तात विकून गेले. बाकीच्या गाद्या ट्रकवाल्यांनी गावोगाव नेल्या."

"मोटारवाले गाद्या विकतात?" बहीण हसायलाच लागली.

"बापाचं खातं सगळीकडं चालते बाई. पेट्रोल, शिंपी, हॉटेल. हातात मात्र दमडी नाही देत. अन् चरसवाला नगद मागते. तेच भांडून राहिले होते आपसात."

मी घरी येऊन सांगितलं. हे तडक ठेकेदाराकडं गेले. त्यानं यांना बसही म्हटलं नाही. "माझा पोरगा गाद्या विकन का? नाव कोणाचं आहे? त्याले धरा," म्हणाला, आणि टेलिफोन पुढं सरकवला. "लावा पोलिसाले."

हे लाल होऊन परतले. काटोलच्या पोराला कॉलेजच्या फाटकाशी गाठून दुकानात धरून आणलं.

"कोणी विकल्या, सांग!"

"मीच विकल्या."

"खोटं बोलून राहिला! आमाले माहीत आहे सारं."

"मीच विकल्या, काका."

"मंग चाल ठाण्यात." यांनी चपला घातल्या.

मी पडदा सारला आणि बाहेर आले. "अवो, ठाण्यात गेला की कॉलेज सुटते त्याचं," मी म्हटलं. "अन् त्यानं आपल्या गाद्या थोड्याच येतात परत? हप्त्यानं घ्या न."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मग चपला काढल्या.

पोरगा सकाळी संत्रा बाजारात पेट्या भरायला लागला, तिथून कॉलेजात जायचा. दर महिन्याला पैसे आणून द्यायचा. आम्ही ते लग्नसराईचं वर्ष उसन्या गाद्यांवर काढलं. ठेकेदाराचा मुलगा पुढं परदेशी शिकायला गेल्याचं ऐकलं.

शेवटचा हप्ता घेऊन आला तेव्हा त्याला नोकरी लागली होती. मी आता पडद्याआड जात नव्हते. मनात राहिलेलं विचारलंच, "तवा नाव काहून नाही सांगितलं रे?"

तो नोटा सरळ करत होता. "भाई म्हणत होते न, मावशी."

"अन् आता?"

"आता समोर आले त रस्ता बदलवतात."

यांनी नोटा मोजल्या, पेटीत टाकल्या. "पुरे झाले गा," म्हणाले. "आता तुझ्याकडं काही बाकी नाही."