काचेवरचे ठसे

लंडनबाहेरच्या एका जुन्या हवेलीत, जिन्याजवळ, एका नटीचं चित्र काचेत लावलेलं आहे. इंग्लंडच्या रंगभूमीवर बायका पहिल्यांदा उभ्या राहिल्या, त्यांतली ती एक. झग्याचा गळा खांद्यावरून पार घसरलेला. चित्रकाराने चेहरा नुसता उरकलाय. जीव ओतलाय तो खांद्याखाली.

आमच्या टूरचा गाइड माहिती देत होता. आधी तिला कुठल्या सरदाराने ठेवली, मग कुठल्या. "रंगपटात ती कपडे बदलायची ना, ते बघायला श्रीमंत लोक पैसे मोजून आत जायचे बरं का!" त्याने डोळा मिचकावला. सगळे हसले.

"पण तिने कामं कोणती केली?" मी विचारलं.

"ते नाही माहीत, ताई. कुणी विचारतच नाही."

मला शिसारी आली. बाईने केवढी भाषणं पाठ केली असतील, अंगात ताप असतानाही तोंडाला रंग लावला असेल. त्यातलं काही उरलं नाही. उरला तो घसरलेला गळा.

काचेवर नेमके तिथेच बोटांचे ठसे होते. घामट, तेलकट, एकावर एक. चेहऱ्यावरची काच मात्र लख्ख.

"ताई, माझा एक फोटो काढा ना," आमच्यातले एक निवृत्त मास्तर म्हणाले आणि हसत हसत त्यांनी हात तिथेच टेकवला.

मी तरातरा बाहेर आले. रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, तर हवेलीचं तिकीट हाताला लागलं. मीही पैसे मोजूनच आत गेले होते.