चुना लावलेला काठ

कुंडलच्या पुढं कृष्णेला लागून आमच्या घराची जमीन आहे. चुलते फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि तिथं ऊस करू लागले, तो थेट काठाच्या कडेपर्यंत. दर पुरात नदी दोन-तीन सऱ्या घेऊन जाई. दर वर्षी चुलते जेसीबीनं काठ उतरता करून तिथंच पुन्हा लावण करीत. लढाई जुनी होती आणि नदी एकदाही हरली नव्हती.

मी साताऱ्याला असतो आणि सुट्टीत पाखरं बघतो. गावाकडं याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आमच्या काठाच्या उभ्या मातीत पूर्वी वेडे राघू बिळं कोरून अंडी घालत. उतार केल्यापासून ते फिरकेनात. शेवटच्या चार सऱ्या सोडा, काठ पुन्हा उभा तासू, वर गवत वाढू द्या, असं मी सुचवलं. चुलत्यांनी मिशीवर बोट फिरवलं.

"ह्या उन्हाळ्यात पाखरं आली, तर काठ त्येंचा. न्हाई आली, तर पावसाळ्यात आडसाली उसाची लावण. मग तोंड उघडायचं न्हाई."

थंडीत आम्ही काठ तासला. ही बातमी एका पुढाऱ्याच्या कानावर गेली आणि पाहणीचा दिवस ठरला. मी त्या दिवशी पोचलो आणि बघतच राहिलो. वरिष्ठ येणार म्हटल्यावर फौजी माणूस हलत नसलेल्या प्रत्येक वस्तूला चुना लावतो. चुलत्यांनी काठाची भिंत शेणमातीनं गुळगुळीत सारवून पांढरीशुभ्र केली होती. खाली गेरूचा पट्टाही होता.

पुढाऱ्यांनी फीत कापली, निसर्गावर बराच वेळ बोलले आणि धुरळा उडवत गेले. तारेवर एक राघू येऊन बसला. त्यानं ती भिंत पाहिली आणि तोही गेला.

"आवं," चुलती म्हणाली, "राघूंची परेड घ्यायची हाय का?"

"चुन्याबिगर इन्स्पेक्शन हुतंय व्हय?"

"मग त्येंला टोप्या बी शिवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खोरं घेऊन चुलत्यांनी स्वतः सारवणासकट सगळा चुना खरवडून काढला. मी मदतीला गेलो तर मला बाजूला सारलं.

शिमगा झाला, पाडवा झाला. काठ रिकामाच. चुलत्यांनी उसाचं बेणं सांगून ठेवलं. मी तोंड न उघडण्याची तयारी करत होतो, तेवढ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला.

"ये लगेच. माती उडतीया."

पहिली एसटी धरली. चुलते लांब बांधावर छत्री उघडून बसले होते. समोर काठाच्या मातीत एक हिरवा राघू अर्धा आत शिरून पायांनी माती मागं भिरकावत होता. शेजारी दुसरं बीळ, पलीकडं तिसरं. ज्यांची हाक तासगावपर्यंत जावी असे चुलते माझ्याशी कुजबुजत होते.

"हळू बोल रं. जोडी नवी हाय."

बेणं त्यांनी मेव्हण्याला देऊन टाकलं. पुढं पुढाऱ्यांच्या माणसाचा निरोप आला, की साहेबांना पाखरांसोबत फोटो हवा आहे. चुलते बांधावर आडवे उभे राहिले.

"सायबांस्नी सांगा, आत बाळंतपण चालू हाय. पाचवीला बी कुणाला बोलवायचं न्हाई."