समोरच्या दाराले हाक

आमच्या नागपूरच्या गल्लीत कोष्टी, मोमीन, महार, सगळ्यांच्याच घरी माग होते. देव वेगळे, ताण्याची, म्हणजे मागाच्या उभ्या धाग्यांची, पाजणी मात्र सगळ्यांची एकच. ऊन चढायच्या आत रस्त्यावर ताणा ताणायचा, त्याले खळ लावायची, अन् दोघांनी दोन बाजूंनी लांब कुंचा धरून फिरवत न्यायचा. एकट्याचं काम नाही ते. माझ्या कुंच्याचं दुसरं टोक समोरच्या घरातल्या मोमीन दोस्ताच्या हातात राहायचं. त्याची ईद असली की त्याचा ताणा मी सांभाळायचो, माझी नागपंचमी असली की माझा तो.

फाळणीनंतर तो भावामागं कराचीले निघाला. "काहून जातो गा? इथं तुले कोणी काही म्हटलं काय?" मी खूप भांडलो. तो गठुडं बांधत राहिला. मग त्याच्या घरात एक सिंधी माणूस राहायले आला. मले त्याचं तोंड पाहावं वाटत नव्हतं. माझ्या दोस्ताच्या ओट्यावर बसून खुशाल दात घासते म्हणजे काय? माझी बायको आधीच वारलेली. मागावर बसलो की खडखडाट माझ्या एकट्याचाच, घर खायले उठे.

एका सकाळी ताण्याले खळ लावली अन् सवयीनं समोरच्या दाराले हाक मारली, "ये गा, ऊन चढून राहिलं." मग भानावर आलो. खळ तशीच वाळली असती तर धागे चिकटून सारा ताणा वाया गेला असता, अन् माझं पोट त्याच्यावरच. तेवढ्यात दार उघडून तो सिंधी बाहेर आला. न विचारता त्यानं कुंच्याचं दुसरं टोक धरलं. सूत त्यानं जन्मात धरलं नव्हतं, दाबे अन् धागा तोडे. मी खेकसलो, "हौले हौले." तो मुकाट्यानं शिकला.

ताणा वाळल्यावर त्यानं विचारलं, "इस घर में कौन रहता था?"

"दोस्त. कराची गया."

"मैं कराची का हूँ." मग त्यानं विचारलं, "अच्छा आदमी था?"

"बहोत अच्छा."

"तो उधर मेरे घर में भी कोई ऐसा ही हो," म्हणत त्यानं हाताची खळ पायजम्याले पुसली.

तोवर माझा दोस्त माझ्यासाठी नुसता गेलेला होता. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं, तो कुठंतरी राहत असंल. कोणाच्या तरी ओट्यावर बसून दात घासत असंल, अन् समोरच्याले त्याचं तोंड पाहावं वाटत नसंल.