धारूर घाट, वाकडी ताटली आणि मी

सोमवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं, म्हणून रविवारी मी धारूरला निघाले.

माझे मालक धारूरच्या शाळेत शिक्षक होते आणि आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. याच पांढऱ्या गाडीने ते रोज घाट चढायचे, उतरायचे. चार वर्षांपूर्वी आजारात ते वारले, त्यानंतर मी गाडी शिकले. आता पुण्याहून मुलगा म्हणत होता, "आई, ब्रेक दाबला की थरथरते. संपली ती." गिऱ्हाईकही त्यानेच ठरवलं. मी गाडीसोबतचं पुस्तक काढून वाचलं. नुसत्या वेगात थरथर आली तर चाकांचं बॅलन्सिंग, ब्रेक दाबल्यावरच आली तर चाकामागच्या ब्रेकच्या ताटल्या, म्हणजे डिस्क. 'संपली' असं त्यात कुठे नव्हतं. म्हटलं, विकण्याआधी एकदा स्वतः चालवून बघू.

सोबत धाकटी जाऊ, सुनंदा. घाट अरुंद आहे, समोरून ट्रक आला की एकाला थांबावंच लागतं. सकाळी आठच्या आत चढलात तर बरं. चढताना गाडीने काही तक्रार केली नाही. किल्ल्याच्या तटावर वारा इतका, की सुनंदाचा पदर तिच्याच तोंडात. खाली दरीभर हिरवं. बाजारात गरम भजी खाल्ली, सीताफळं घेतली. डोळे उघडलेलीच घ्या, बाकीची घरी पिकत नाहीत.

उतरताना मात्र माझं चुकलं. मी तिसऱ्या गिअरवरच राहिले आणि पाय ब्रेकवर ठेवून दिला. दुसऱ्या वळणापासून पेडल पायाखाली धडधडायला लागलं, मग स्टिअरिंगही. चौथ्या वळणावर पेडल मऊ झालं आणि खाली गेलं. अगदी तळाला. चिखलात पाय घातल्यासारखं.

"आक्का, हळू की! कावून पळवायलीस?"

"मी पळवत नाही, सुनंदा. ब्रेक लागत नाही."

सुनंदाने सीताफळांची पिशवी पोटाशी धरली. मी गिअर खाली टाकला, पेडल भराभर पंप केलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत उभी केली. चाकातून करपल्याचा वास येत होता. उतरून मी चाकाला दगड लावला आणि त्या दगडावरच बसले.

पायथ्याच्या मिस्त्रीला फोन केला. मालकांची गाडी तोच बघायचा. तो येईपर्यंत पेडल थोडं वर आलं होतं. पहिल्या गिअरवर, मुंगीच्या पावलांनी त्याने गाडी गॅरेजला नेली.

आधी ब्रेक ऑइल काढून दाखवलं. कोऱ्या चहासारखं काळं. "वहिनी, हे लई जुनं हाय. हवेतलं पाणी धरतंय. घाटात तापून उकळलं, म्हणून पेडल खाली गेलं."

मग पुढचं चाक काढलं. ताटलीला स्क्रूड्रायव्हर टेकवून ती फिरवली. एका जागी टक् लागायचं, पुढे नुसती फट. "वाकलीय. ही थरथर हिची." हात पुसत त्याने विचारलं, "वहिनी, अजून पाणी टाकता का?"



माझ्या माहेरी प्रवासाहून बैलगाडी आली की बैलांच्या पायांवर तांब्याभर पाणी घालत. आमच्या दारात बैल नव्हते. मालक घाट उतरून आले की मी पुढच्या दोन्ही चाकांवर घालायचे. चर्र वाजायचं, बरं वाटायचं. आता मुलगा आला आणि हीच गाडी घाटातून घेऊन आला, की तेव्हाही घालते.

"सरांच्या टायमाला दोनदा ताटल्या बदलल्या," मिस्त्री म्हणाला. "म्या म्हणलं, सर, घरी सांगा, तापल्या लोखंडावर गार पाणी न्हाई टाकायचं. तर म्हणले, तू ताटल्या बदल, पाणी राहू दे."

"अगं बया! दादांनी एवढं लपवलं?" सुनंदा हसायला लागली आणि माझं तोंड बघून तिने हसू आवरलं.

तिथूनच मुलाला फोन केला. "गिऱ्हाईकाला येऊ नको म्हण. गाडी संपली नाही, ताटल्या मीच वाकवल्यात." तो म्हणाला, "मला वाटायचं तू धूळ धुतीस."

ताटल्या आणि ऑइल बदललं. मंगळवारी मी एकटी दुसऱ्या गिअरवर घाट उतरले. पेडल घट्ट, स्टिअरिंग शांत. घाटातून आलात तर चाकं वाऱ्यावर गार होऊ द्या, एवढंच सांगते.

चार वर्षं मी मालकांबद्दल वाईट शब्द काढला नव्हता. गेलेल्या माणसाशी कशावरून भांडायचं? त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने भांडले. तुमचाच ब्रेक घाटात गेला असता तर? पोराचा गेला असता तर? शाळाभर पोरं शिकवलीत, मला एक वाक्य सांगवलं नाही? भाजी करपल्याचा वास आला तरी मी थांबले नाही.