दवंडीवाल्याची विजार

झेलिंदो रावायोली आमच्या गावचा दवंडीवाला. चौकातल्या कारंज्यापाशी उभं राहून पितळी तुतारी फुंकायचा, आधी हुकूम कोणाचा ते सांगायचा, मग मजकूर वाचायचा. इटलीतल्या आम्हा रोमान्या प्रांताच्या लोकांची रीतच तशी. हुकूम देणाऱ्याचं नाव घेतलं नाही, तर माणसं कानाडोळा करून सरळ द्राक्षमळ्याकडे चालू लागत.

रोममध्ये तो, काळ्या सदरेवाल्यांचा पुढारी, खुर्चीवर बसला आणि झेलिंदोचं काम वाढलं. वर्तमानपत्र बंद. सहकारी दुकान बंद. सभा बंद.

"रोज त्याचंच नाव, एलिदे," तो मला म्हणाला, "जिभेला फोड यायचे आता!"

एकोणीसशे सव्वीस साली आमची निवडून दिलेली नगरसभाही गेली. वरून नेमलेला नगराध्यक्ष आला. त्याने झेलिंदोला बजावलं, "सुरुवात 'जनतेच्या इच्छेवरून' अशी करायची. नाहीतर नोकरी जाईल आणि राहती खोलीही."

झेलिंदो काही शूर गडी नव्हे. बायकोपुढे, अर्जियापुढे, त्याची बोबडी वळायची. पण त्या बाजाराच्या दिवशी, भर चौकात, तो कडाडला, "जनतेच्या इच्छेवरून नव्हे! तुम्हाला कोणी विचारलेलंच नाही! आता हुकूम ऐका." आणि मग एकही शब्द न गाळता त्याने तो वाचून दाखवला.

काळ्या सदऱ्यातल्या पोरांनी त्याला तिथेच आडवा पाडून अर्धी बाटली एरंडेल पाजलं. घरी पोचेपर्यंत विजार भरली. माणसाने लाजेने मरावं, एवढंच त्या हलकटांना हवं होतं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली आणि खोलीलाही कुलूप लागलं.

सकाळी अर्जिया ती विजार घेऊन धुण्याच्या हौदावर आली. आम्ही सगळ्या बायका होतोच. बाटली धरणाऱ्या पोराची आई तेरेसीना डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावून म्हणाली, "अगं, हे घरी धुवायचं! चारचौघींत लाज नाही वाटत?"

"घर ठेवलंय कुठे तुम्ही?" अर्जियाने विजार तिच्याच दगडावर आपटली. "आणि लाज मला कशाला? तुझ्या कार्ट्याची करणी आहे. धू."

आम्ही सगळ्याजणींनी हातातलं धुणं खाली ठेवलं. तेरेसीनाने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने बाह्या सारल्या आणि माझ्याकडे साबण मागितला.

मी दिला नाही. नुसत्या हातांनी धुतली तिने.