उजवं पान कोरं

हद्दपार झालेल्या लेखिकांवर बोला, असं मला एकदा एका परिसंवादात सांगितलं. माझ्याआधी बोललेल्या बाईंच्या लेखिकांनी समुद्र ओलांडले होते. माझी लेखिका दोन एसट्या बदलून माझ्याकडे महाडला आली होती, तांदळाच्या पिशवीत वही घालून.

ती माझी चुलत काकी. पोलादपूरहून उमरठच्या अंगाला चढत गेलं की डोंगरात आमची वाडी. नाव सांगत नाही, मला अजून तिथे जेवायला जायचं असतं. काकीचा आवाज असा की तिनं वाडीत गाणं उचललं की तिकडे कशेडीत ट्रकवाले मागून हॉर्न आला समजून बाजू द्यायचे. घाटातली दरड पावसानं येते म्हणतात. येत असेल. मी काकीला कधी विचारलं नाही.

गौरीची सगळी नवी गाणी तिची. आमच्याकडे फेरात एक बाई ओळ उचलते आणि समोरच्या बायका तिथल्या तिथे तिला जोड देतात. काकी आपली ओळ वहीच्या डाव्या पानावर लिहायची आणि उजवं कोरं ठेवायची. फेरात जी जोड झकास पडेल ती घरी येऊन उजवीकडे उतरवायची, आणि खाली बारीक अक्षरात कुणाची तेही: 'वरच्या आळीची म्हातारी', 'मुंबईवाल्याची सून'. एवढा प्रामाणिकपणा मी मोठमोठ्या साहित्यिकांत... पण जाऊ दे, मला त्यांच्यातही जेवायला जायचं असतं.

एका वर्षी विहिरीचा कठडा ढासळला आणि एक वासरू आत पडलं. गावकी बसली ती सकाळी, उठली ती दिवेलागणीला. ठरलं काय, तर देवळाला पितळेचा कळस. त्या गौरीला काकीनं ओळ उचलली:

देवळाला चढविला पितळेचा कळस गो

जोड कुणी देईना. नवरे समोरच्या ओट्यावर बसलेले. बायकांना एकाएकी आपल्या पायांत भलतंच काही दिसायला लागलं. फेर थांबला. मग काकीनं दुसरी ओळही स्वतःच ठोकली:

कठडा बांधायाला गावकीला आळस गो

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. गाणं वाडीच्या मुंबईतल्या मंडळात पोचलं आणि आमच्या बुजुर्गांची तिकडे जी शोभा झाली, ती झाली. गावकी पुन्हा बसली. या वेळी लवकर उठली. देवापुढे नारळ फोडायचा, माफी मागायची, वही विहिरीत टाकायची. नाहीतर वाळीत. तिच्याशी जो बोलेल तोही वाळीत.

"नारळ दहा फोडते," काकी म्हणाली, "वही नाय देत."

लावणीला कुणी आलं नाही. विधवा बाई एकटीनं किती चिखल तुडवणार? तिची सख्खी मैत्रीण, धाकटी जाऊ, समोरून कळशी घेऊन यायची आणि आंब्याच्या झाडाकडे बघत निघून जायची. शेवटी काकी महाडला आली. मी माहेर सोडून सासरी आलेली, त्यामुळे गावकीच्या मोजणीत माणूस म्हणून नव्हतेच. एरवी राग येतो. त्या वेळी उपयोगी पडलं.

माझा नवरा म्हणाला, "काकी, वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. तक्रार करू."

"जावईबापू, पोलीस त्यांना माझ्याशी बोलायला लावतील. जोड द्यायला लावतील काय?"

खरं दुखणं ते होतं. खायला-ल्यायला इथे कमी नव्हतं. औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणाऱ्या गाड्यांवर, आमच्या गच्चीवरच्या टाकीवर, माझ्या स्वयंपाकावर (त्यावर जरा जास्तच) ती ओळी लिहीत राहिली. सगळ्या डावीकडे. दोन वर्षांत वही भरली, पण अर्धीच. मी, चार पुस्तकं नावावर असलेली बाई, एकदा फुशारकीनं जोड द्यायला गेले. तिनं ऐकली, भाजीचं मीठ बघावं तशी चव घेतली आणि म्हणाली, "चांगली हाय गो. पण छापील वास येतो."

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी गावकीचा पुढारी, म्हणजे त्या धाकट्या जावेचा नवरा, मोटरसायकलवरून दारात हजर. मधल्या दोन्ही वर्षांच्या गौरी मुक्यानं गेल्या होत्या. बायका जुनी दोन गाणी म्हणून आपापल्या घरी जाऊन झोपायच्या. आणि हा गृहस्थ इतका वाळला होता की वाळीत नक्की कोण, असा प्रश्न पडावा.

"वैनी, चल घरी."

"वही?"

"राहू दे तुझ्याकडं. फकस्त ते कळसाचं गाणं म्हणू नको."

"आणि नारळ?"

"मीच फोडलाय. तुझ्या नावानं."

काकी बराच वेळ हसली. इतकी, की सावित्री नदीला भरती आली असेल. मग म्हणाली, "नाय म्हणत, भावोजी. गौरीची शपथ."

गौरी-विसर्जनाच्या दुपारी ओढ्याकाठी फेर धरला. मीही गेले होते. काकी मधे उभी, तोंड गच्च मिटलेलं. कुणी काही उचलेना. पुरुष दगडांवर बसून विड्या ओढत होते. आणि मग काकीच्या बाजूची, आंब्याकडे बघत जाणारी तीच धाकटी जाऊ, फाटक्या आवाजात सुरू झाली:

देवळाला चढविला पितळेचा कळस गो

पुढाऱ्याची विडी हातातच विझली. काकी गप्प. तिनं शपथ पाळली. पण सगळा फेर एकदम, पाय आपटत, ओरडला:

विहिरीत पडायाचा कुणी केला नवस गो!

वाळीत टाकायचं तर आता अख्खी वाडी टाकावी लागणार होती, आणि रात्रीची भाकरी कोण भाजणार हा प्रश्न गावकीपुढे पहिल्यांदाच आला. कुणी उठलं नाही. पुढच्या चैत्रात कठडा झाला. मी हात लावून पाहिलाय, तुमच्या-माझ्या घरापेक्षा पक्का.

त्या दुपारी मात्र काकी ओल्या हातांनी पिशवीतली वही काढून तिथेच दगडावर बसली. "मेल्यांनी माझ्यापेक्षा बरी जोड दिली," ती मला म्हणाली, रडत आणि रागानं, आणि कळसाच्या जुन्या ओळीसमोर, उजव्या पानावर ती जोड लिहिली. खाली बारीक अक्षरात कुणाची ते लिहायला लागली. एक नाव, दुसरं, तिसरं. पान संपलं तरी लिहीतच होती.